एकच एक्झी केल्यावर सोबतच्या फाइली सापडत नाहीत. सापडल्या तर त्यातले बदल टिकत नाहीत

प्रश्न — पथारीकर, नंदुरबार

नमस्कार. येथील मिरचीच्या एका पथारीसाठी (ओली मिरची वाळत घालण्याची जागा) मी पायथन आणि टीकिंटर (पायथनमध्ये खिडक्या-बटणे बनवण्याचे साधन) वापरून हिशेबपट्टी छापणारा लहानसा प्रोग्रॅम लिहिला आहे. ओल्या मिरचीचे वजन आणि दर टाकला की हमाली व तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी तयार होते. सोबत तीन फाइली आहेत: पथारीचे बोधचिन्ह, पट्टीचा नमुना आणि दरांची जेसन फाइल (माहिती साध्या मजकुरात साठवण्याचा एक प्रकार).

पायथनचा प्रोग्रॅम विंडोजवर थेट चालणाऱ्या फाइलीत (एक्झी) बांधणारे पायइन्स्टॉलर ६ वापरून मी वन-फाइल पद्धतीची, म्हणजे सर्व सामान एकाच फाइलीत असलेली, एक्झी तयार केली आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवून चालवली, तेव्हा सर्व ठीक होते. तीच एक्झी पेनड्राइव्हने पथारीवरील संगणकावर नेली, तर नमुन्याची फाइल सापडत नाही असा संदेश आला. शोधाशोध केल्यावर ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘_एमईआयपास’ हा मार्ग वापरावा असे समजले, म्हणून तिन्ही फाइलींना तो लावला. आता पट्टी निघते. परंतु मुनीम संध्याकाळी जे दर बदलून ठेवतात, ते सकाळी पुन्हा जुने झालेले असतात. प्रोग्रॅममध्ये कोणतीही त्रुटी दिसत नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर — तरसोदकर, जळगाव

आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: ज्या फोल्डरमधून फाइल वाचली जाते, तो आपल्याला वाटतो तो फोल्डर नाही.

पहिल्या वेळी आपण नुसते फाइलचे नाव दिले असणार. असा सापेक्ष मार्ग प्रोग्रॅमच्या जागेपासून मोजला जात नाही, तर प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये ‘उभा’ असतो तेथून मोजला जातो. एक्झी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवून डबल-क्लिकने उघडली, तेव्हा शेजारी मूळ फाइली होत्याच. म्हणजे एक्झीच्या पोटातल्या फाइली त्या दिवशी वापरल्याच गेल्या नव्हत्या, आणि चाचणी चुकीच्या कारणाने उत्तीर्ण झाली. तयार एक्झी नेहमी रिकाम्या फोल्डरमध्ये, शक्य तर दुसऱ्याच संगणकावर, चालवून पाहावी.

आता दरांविषयी. वन-फाइल एक्झी सुरू होताना पोटातील सर्व सामान विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये, ‘_एमईआय’ने सुरू होणाऱ्या नावाच्या नव्या फोल्डरात उलगडते, आणि ‘_एमईआयपास’ त्याच फोल्डरकडे बोट दाखवते. प्रोग्रॅम बंद झाला की तो फोल्डर पुसला जातो. मुनीम दर बदलतात तेव्हा ते खरोखरच लिहिले जातात, म्हणूनच त्रुटी येत नाही. परंतु ते ज्या पाटीवर लिहिले जातात ती पाटीच रात्री फुटते आणि सकाळी आपण बांधून दिलेली जुनी प्रत पुन्हा उलगडते.

म्हणून प्रत्येक फाइलीबाबत ती कोण बदलणार, हे आधी ठरवावे. बोधचिन्ह आणि नमुना फक्त आपणच बदलणार, तेव्हा त्या ‘_एमईआयपास’मधून वाचाव्यात. दर मुनीम बदलणार, म्हणून ती फाइल वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये (विंडोजने प्रोग्रॅमांच्या माहितीसाठी ठेवलेली जागा) ठेवावी. तेथे ती नसेल तर पहिल्या वेळी पोटातील प्रत तेथे उतरवावी आणि त्यानंतर तिथलीच वाचावी व लिहावी.

उत्तर — तापीकाठ, भुसावळ

वरील विवेचन योग्य आहे, पण ॲपडेटाशी मी पूर्ण सहमत नाही. पथारीवरचा संगणक बिघडला की मालक एक्झीचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेतात, आणि ॲपडेटातील फाइल कोणाच्याच लक्षात राहत नाही. अशा ठिकाणी ‘सिस’मधील ‘एक्झिक्युटेबल’ या मार्गावरून एक्झीचा फोल्डर काढून दर तिच्या शेजारी ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते. मात्र प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवला असेल तर तेथे सामान्य वापरकर्त्याला लिहिता येत नाही, तेव्हा डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करावा.

शिवाय वन-फाइलचा मोह कशासाठी? वीज अचानक गेली किंवा टास्क मॅनेजरने प्रोग्रॅम मारला, तर तो तात्पुरता फोल्डर पुसायचा राहून जातो. आपल्याकडील विजेचा लपंडाव पाहता, वर्षभरात असे किती फोल्डर साचतील याचा विचार करावा. वन-फोल्डर पद्धतीत, म्हणजे एक्झी आणि सामान एका फोल्डरमध्ये उघडेच ठेवले तर, हा प्रश्नच नाही आणि प्रोग्रॅम उघडतोही लवकर. फक्त आवृत्ती ६.० पासून सोबतच्या फाइली एक्झीच्या शेजारी न राहता ‘_इंटर्नल’ नावाच्या उपफोल्डरमध्ये जातात. ‘_एमईआयपास’ वापरले असेल तर ते तेथे बरोबर पोहोचते.

जाता जाता, सोबतच्या फाइली बांधायला सांगणाऱ्या पायइन्स्टॉलरच्या ‘ॲड-डेटा’ या पर्यायामध्ये विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतर फोल्डरचे नाव द्यायचे असते, फाइलचे नाही. तेथे फाइलचे नाव दिले की त्याच नावाचा फोल्डर तयार होतो आणि फाइल त्याच्या आत जाऊन बसते. या एका गोष्टीपायी मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

पथारीकर, नंदुरबार

दोघांचे आभार, भाऊ. वन-फोल्डर केले, दरांची फाइल एक्झीशेजारी ठेवली, आणि काल संध्याकाळचे दर आज सकाळी तसेच होते. मात्र मालकांच्या आग्रहावरून नमुना इंग्रजीऐवजी मराठीत केला, तर एक्झीमध्ये तो वाचताना ‘युनिकोडडीकोडएरर’ येतो. लॅपटॉपवर पायथनमधून थेट चालवले तर येत नाही. दरांच्या फाइलीत मालाची नावे मराठीतच आहेत, ती मात्र व्यवस्थित वाचली जाते, याचेच आश्चर्य वाटते.

उत्तर — बोरीकाठ, अमळनेर

हा मार्गाचा प्रश्न नाही. फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) दिले नसेल तर विंडोजवर पायथन संगणकाचे जुने कोडपेज (बाइट आणि अक्षरे यांचा तक्ता) धरते, आणि ते बहुधा १२५२ असते. नमुना ज्या पद्धतीत साठवलेला असतो त्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात. हलन्ताचा शेवटचा बाइट, हेक्समध्ये ८डी, या कोडपेजमध्ये रिकामाच आहे. त्यामुळे नमुन्यात ‘हमाली’, ‘तोलाई’ एवढेच असते तर नुसता कचरा छापला गेला असता. ‘पट्टी’तील जोडाक्षर आले की वाचन तेथेच थांबते.

दरांची फाइल वाचली जाते, कारण ‘जेसन’ मॉड्यूल लिहिताना मराठी अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक साध्या रोमन अक्षर-अंकांत लिहून ठेवते. नोटपॅडमध्ये उघडून पाहावे, मराठी एकही अक्षर दिसणार नाही. आपल्या लॅपटॉपवर बहुधा पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू केलेला असावा. पायइन्स्टॉलरची एक्झी ती सेटिंग सोबत नेत नाही. नमुना उघडण्याच्या ओळीत ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. नमुना नोटपॅडमध्ये ‘बॉमसह’ (फाइलीच्या सुरुवातीला एन्कोडिंगची खूण ठेवून) साठवला असेल तर त्याऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहावे, नाहीतर पट्टीच्या माथ्यावर न दिसणारे एक चिन्ह चिकटून राहते.