दुनळीवर नाव कुणाचं?

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसडतेय. शेजारच्या आजींनी गराज आवरताना त्यांच्या आजोबांची दुनळी दाखवली. घोडे बाहेरच्या बाजूला, नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, बाजूच्या पट्टीवर सिनसिनाटीच्या कुठल्याशा कंपनीचं नाव. आजोबा मातीची कबुतरं, म्हणजे नेमबाजीसाठी हवेत उडवायच्या मातीच्या चकत्या, फोडायला जायचे म्हणे. बंदुकांच्या कारखान्यांच्या याद्या पालथ्या घातल्या, ही कंपनी कुठेच नाही. यातलं कुणाला कळतं का?
— डेटनहून

अगं, सापडेल कशी? ते दुकानदाराचं नाव. कळशीवर आजीचं नाव असतं, म्हणून ती आजीने ठोकली का? तेव्हा हार्डवेअरचे घाऊक व्यापारी बेल्जियमहून स्वस्त बंदुका मागवायचे आणि वर आपलं नाव घालायचे. आत काडतूस नाही याची खात्री करून नळ्या उतरव, खालून बघ. लंबगोलात ई, एल, जी आणि खाली चांदणी दिसली, तर बेल्जियमच्या लिएज शहराचा शिक्का. वर मुकुटही असेल, तर बंदूक १८९३ नंतरची.

दुकानासाठी सिनसिनाटीच्या ग्रंथालयाने जुन्या सिटी डिरेक्टऱ्या स्कॅन करून ठेवल्यात. एकेक वर्ष चाळ. भागीदार बदलला की पाटी बदलते, त्यावरून काळ आणखी आवळता येतो.

मातीच्या कबुतरांसाठी गाव मात्र नेमकं आहे. तिथे १८३० च्या दशकातच जिवंत कबुतरं सोडून नेमबाजी चालायची. पुढे काचेचे गोळे आले, कुरणभर काचा! मातीच्या कबुतराचं पेटंट १८८० मध्ये सिनसिनाटीच्याच लिगोव्स्कीने घेतलं. मुलं पाण्यावर शिंपल्यांच्या भाकऱ्या काढत होती, ते बघून सुचलं म्हणतात. पहिली कबुतरं भट्टीत इतकी कडक भाजलेली, की छरे लागूनही फुटायची नाहीत, नुसती खणखणायची. मग नेम लागला की नाही यावर वाद!

आणि ती नक्षी म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली नळी. आजचं काडतूस त्यात चुकूनही घालू नका.
— काका, मेसन

काका, मुकुट आहे! आणि दुकान १८९६ च्या डिरेक्टरीत त्याच नावाने सापडलं, चुली आणि कुलपांच्या जाहिरातीसकट. पंचाईत एकच. ही बंदूक १८६०च्या दशकातल्या अमेरिकन यादवी युद्धात लढलेली, असं आजी साठ वर्षं सगळ्यांना सांगतायत. मुकुटाचं त्यांना तुम्हीच सांगा. शनिवारी चहाला या.