साखळीहून बेळगाव : पाचव्या महिन्यातील प्रवास

ताई, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात गोव्यातील साखळीहून बेळगावला माहेरी जावे का, असे आपण विचारले आहे. गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर हा काळ प्रवासाला सहसा सोयीचा असतो. वाटेतला चोर्ला घाट वळणांचा असल्याने गाडी सावकाश चालवायला सांगावी. सीटबेल्ट मात्र कधीही टाळू नये. त्याचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखाली कमरेच्या हाडांवर, आणि वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने घ्यावा, कारण धक्का बसलाच तर तो हाडांनी सोसायला हवा. बाळ दाबले जाईल या भीतीने अनेक जणी तो लावत नाहीत, याची मला फार काळजी वाटते. तपासणीची फाईल हाताशी ठेवावी. रक्तस्राव झाल्यास किंवा कळा आल्यास लगेच १०८ वर फोन करावा.