पत्रा चेपतो तो तुमच्यासाठीच

'जुन्या गाड्या म्हणजे लोखंड, आताच्या नुसते डबे' असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. आमची प्रीमियर पद्मिनी गाडी होती. पुढे सलग बाकडं, गिअर स्टिअरिंगला, आणि मी आईच्या मांडीवर, डॅशबोर्डच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर! सीटबेल्टचा पट्टा वगैरे भानगडच नव्हती. एकदा माहीमला बाबांनी कचकन ब्रेक मारला, तेव्हा कपाळाला आलेलं टेंगूळ आठवडाभर होतं. गाडीला ओरखडाही नाही.

गाडीचं नाक चेपतं ते मुद्दाम. धडकेचा जोर पत्रा खातो, आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. २००९ साली अमेरिकेत १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू एकमेकींवर आदळवून पाहिली. जुन्या धिप्पाड गाडीत चालकाची जागाच चेंगरली, नवीतली शाबूत राहिली.

बाकी आपल्या सवयींचं काय बोलावं! सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. नोव्हेंबरपासून मुंबईत सगळ्यांना पट्टा सक्तीचा झाला. परवा दादरहून टॅक्सी केली. पट्टा होता, पण त्याचं बक्कल सीट कव्हरखाली गाडलेलं. मी हात घालून उकरायला लागलो, तर चालक आरशात बघून म्हणाला, "राहू द्या ना काका, मागे कोण बघतंय?"