‘गाडलेला थर’ की ‘झाकलेला थर’?

फोंड्याहून प्रश्न:
बारावीच्या मुलांसाठी क्ष-किरणांवर लेख लिहितेय. काही नॅनोमीटर जाडीचा लोखंडाचा किंवा कोबाल्टचा थर, त्याच्यावर दुसऱ्या धातूचा. खालच्या थराचं चुंबकत्व क्ष-किरणांनी तपासतात. ‘बरीड’साठी मी ‘गाडलेला’ लिहिलं, पण खटकतंय. आणि ‘थिन फिल्म’ला ‘पापुद्रा’ चालेल का?

म्हापशाहून:
‘गाडलेला’ नकोच, ताई. गाडायचं तर आधी खड्डा हवा. इथे थरावर थर चढतो. बेबिंका करताना एक थर भाजून लाल झाला की त्यावर दुसरा ओततो, पुन्हा वरून निखाऱ्याची आच. तळाच्या थराला कुणी ‘गाडलेला’ म्हणत नाही, ‘खालचा’ म्हणतो. ‘पापुद्रा’ सुटतो, सोलला जातो. हा थर घट्ट बसलेला असतो. सरळ ‘पातळ थर’ लिहा.

मडगावहून:
‘खालचा’ म्हटल्याने अर्थ पुरा होत नाही. वरचा थर बऱ्याचदा मुद्दाम दिलेला असतो, लोखंडाला हवा लागू नये म्हणून. म्हणजे ते झाकणच. म्हणून ‘झाकलेला थर’. मोजणीतली अडचणही त्या झाकणाचीच आहे. क्ष-किरण आत जातात, पण त्यांच्यामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन वरच्या काही नॅनोमीटरमधूनच बाहेर येऊ शकतात. झाकण जाड असेल तर आतून उलट येणारे क्ष-किरण मोजायचे, ते बऱ्याच खोलवरून येतात. ‘झाकलेला’ वाचलं की मुलं आपणहून विचारतील, मग आतलं कळतं कसं?

फोंड्याहून:
पटलं. ‘ॲब्सॉर्प्शन एज’ला ‘शोषणाची कड’ लिहू?

मडगावहून:
‘कड’ नको, ‘कडा’ लिहा, पुल्लिंगी. दूधसागरचा असतो तसा. लोखंडात क्ष-किरणांची ऊर्जा 707 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास पोचली की शोषणाचा आलेख एकदम उभा चढतो. कोबाल्टमध्ये 778च्या आसपास. प्रत्येक मूलद्रव्याचा कडा वेगळ्या जागी, म्हणून एकमेकांवर बसलेल्या लोखंड-कोबाल्टचं चुंबकत्व वेगवेगळं तपासता येतं. हा शब्द मला फार आवडतो, कृपा करून बदलू नका.

म्हापशाहून:
लेखात ‘डायक्रोइझम’ही येईलच. त्याला ‘द्विवर्णता’ रूढ आहे, तेच ठेवा. फक्त इथे रंग नाहीत हे सांगा: उजव्या आणि डाव्या फिरकीचे (म्हणजे ज्यांचं विद्युत क्षेत्र पुढे जाताना उजवीकडे किंवा डावीकडे फिरत जातं असे) क्ष-किरण चुंबकित लोखंडात कमी-जास्त शोषले जातात. गिझेला श्युट्झ आणि सहकाऱ्यांनी 1987 साली हा फरक दाखवला.

फोंड्याहून:
वाक्य असं केलं: ‘झाकलेल्या पातळ थरातल्या लोखंडाचं चुंबकत्व त्याच्या शोषणकड्यावर, दोन फिरकींच्या फरकातून कळतं.’