हेरोकूवरच्या अ‍ॅपला स्वतःचं डोमेन: www चालतं पण नुसतं नाव नाही

ताईच्या मसाल्यांच्या ऑर्डरी घ्यायला जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) छोटं अ‍ॅप केलंय, हेरोकूवर (अ‍ॅप चालवून देणारी क्लाउड सेवा) टाकलंय. डॉट इन डोमेन घेतलं, डॅशबोर्डात दोन्ही नावं अ‍ॅड केली, डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) www चा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारा रेकॉर्ड) आमच्या हेरोकूअ‍ॅप डॉट कॉमवाल्या पत्त्यावर लावला, तर उघडतं पण ब्राउझर सर्टिफिकेटवरून बोंब मारतो. नुसत्या (www नसलेल्या) नावाला सीनेम घेतच नाही म्हणून पिंग करून सर्व्हरचा आयपी (आकड्यांचा पत्ता) काढला नि ए रेकॉर्डात (नावाला थेट आयपी जोडणारा) टाकला, चार दिवस चाललं, आज बंद. काय चुकतंय?

रात्रपाळी
आयपी टाकलास तिथेच गंडलं. हेरोकूचे आयपी बदलत राहतात, आज पिंगला आलेला उद्या असेलच असं नाही, त्यामुळे तो ए रेकॉर्ड आधी उडव. आणि सीनेमला हेरोकूअ‍ॅपवाला पत्ता नको, डोमेन अ‍ॅड केल्यावर प्रत्येक नावाला वेगळं डीएनएस टार्गेट मिळतं, शेवटी हेरोकूडीएनएस डॉट कॉम असतं बघ, ते टाक. सर्टिफिकेटचं रडगाणं त्यानेच थांबेल.

झोन_फाईल
नुसत्या नावाला सीनेम न घेणं हा तुझ्या डोमेन कंपनीचा आडमुठेपणा नाही, 1987 पासूनचा नियम आहे. सीनेम असलेल्या नावावर दुसरा रेकॉर्ड चालत नाही आणि मूळ नावावर एनएस, एसओए हे डोमेनचे सक्तीचे रेकॉर्ड तर असतातच. एलियास किंवा एनेम (मूळ नावालाही चालणारे सीनेमसारखे रेकॉर्ड) देणारा डीएनएस हवा. नाहीतर नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड ठेवणारे) क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेकडे ने, तिथे मूळ नावाला सीनेम टाकलास तरी ते स्वतःच आयपी काढून देतात. तिथलं ढगाचं चिन्ह आधी करडंच (फक्त डीएनएस) ठेव, केशरी (ट्रॅफिक त्यांच्यामार्फत) केलंस तर हेरोकूचं ऑटोमॅटिक सर्टिफिकेट अडकतं. आणि हो, नेताना एमएक्स (मेल कुठे जावा ते सांगणारे) रेकॉर्ड आले का बघ, मी एकदा विसरलो नि दोन दिवस मेलच नाही, मला वाटलं लोकांनी बोलणं टाकलं 😅

प्रश्नकर्ता
एमएक्स खरंच राहिले होते, वाचवलंस रे. आता दोन्ही नावांना कुलूप दिसतंय पण पानाऐवजी बॅड रिक्वेस्ट 400. डीएनएस पसरायला वेळ लागतोय का?

रात्रपाळी
400 आलं म्हणजे रिक्वेस्ट अ‍ॅपपर्यंत पोचतेय, डीएनएसला सोड आता. जँगोच्या सेटिंग्जमधल्या अलाउड होस्ट्समध्ये (कोणत्या नावांवरच्या रिक्वेस्ट घ्यायच्या ती यादी) दोन्ही नावं घातलीस का? www सकट.

प्रश्नकर्ता
नव्हती 🤦 घातली, डिप्लॉय केलं, चाललं. ताईने पहिली ऑर्डर स्वतःच टाकली, अर्धा किलो गोडा मसाला.