मदत हवी आहे : ओले बोर्लोत्ती कसे निवडावेत आणि कसे शिजवावेत?

नमस्कार. आम्ही गेल्या वर्षापासून इटलीत पादोव्हा येथे राहतो. ऑगस्ट लागल्यापासून येथील पियाझ्झा देल्ले एर्बेच्या भाजीबाजारात बोर्लोत्तीच्या (राजम्यासारखा इटालियन घेवडा) ओल्या शेंगांचे ढीग दिसतात. पांढरट सालीवर गुलाबी-लाल पट्टे, आणि आतल्या दाण्यांवरही तसेच. ते पाहून मला कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आठवण झाली आणि मी किलोभर शेंगा घेतल्या.

सोलल्यावर जेमतेम साडेचारशे ग्रॅम दाणे निघाले. ओल्या पावट्याच्या उसळीप्रमाणे फोडणीत कांदा-टोमॅटो परतून, त्यात दाणे घालून कुकरला दोन शिट्ट्या दिल्या. काही दाणे फुटून पिठूळ झाले, काहींची साल मात्र चिवटच राहिली, आणि ज्या पट्ट्यांवर भाळून खरेदी केली होती ते तर पार नाहीसे झाले. येथील पाणी जड आहे (किटलीत पांढरा थर बसतो), त्याचा हा परिणाम असेल का? हे दाणे भिजवावे लागतात का? आणि अर्धकच्चा राजमा बाधतो, तसे ओले दाणेही बाधू शकतात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

पट्टे शिजताना जातातच. त्यात आपली काहीच चूक नाही. साल चिवट राहण्याचे मुख्य कारण माझ्या मते टोमॅटो हेच आहे, कारण आंबटपणामुळे सालीतले पेक्टिन (पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ) लवकर विरघळत नाही. जड पाण्यातले कॅल्शियमही तेच करते, म्हणून जडपणा कमी करणाऱ्या फिल्टरचे पाणी वापरून पाहावे. मिठाला मात्र विनाकारण दोष दिला जातो, ते सुरुवातीला घातले तरी चालते.

दाणे एकसारखे न शिजण्याचे मूळ खरेदीत असते. काही शेंगा कोवळ्या आणि काही वाळत आलेल्या असल्या, तर एकाच भांड्यात दोन वयांचे दाणे पडतात. ज्यांत दाणे टचटचीत भरलेले बोटांना जाणवतात आणि ज्यांची साल किंचित मऊ पडली आहे, अशा शेंगा वेचून घ्याव्यात.

ओले दाणे भिजवण्याची गरज नाही. लेक्टिनचा (राजमा कच्चा राहिल्यास बाधणारे प्रथिन) धोका मात्र ओल्या दाण्यांतही असतो, म्हणून आधी दहा मिनिटे खळखळून उकळावे आणि मगच आच मंद करावी. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चे दाणे थेट कधीही घालू नयेत. पाण्यात सेजची दोन पाने, ठेचलेला लसूण आणि चमचाभर ऑलिव्ह तेल घालून साधारण अर्ध्या ते पाऊण तासात दाणे लोण्यासारखे मऊ होतात. टोमॅटो त्यानंतर घालावा. दाणे त्याच पाण्यात निवू द्यावेत आणि ते पाणी टाकू नये, कारण आपल्या व्हेनेतो भागात पास्ता ए फाजोली (पास्ता आणि घेवड्याचे दाट सूप) करताना निम्मे दाणे त्यातच घोटून दाटपणा आणतात. उसळ करायची असल्यास याच दाण्यांना वरून फोडणी द्यावी, कुकरची गरज पडत नाही.

शेंगा सप्टेंबरनंतर कमी होत जातात, तेव्हा आताच जास्त घेऊन, सोलून, कच्चेच दाणे फ्रीझरमध्ये ठेवावेत. शिजवताना ते वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाकावेत.