फॉरेन की शोधायची कुठे? कॅटलॉगमध्ये की डेटामध्ये?

जुनी_वही: एका सहकारी साखर कारखान्याचा मायएस्क्यूएल डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवतोय. शंभरावर टेबलं, कागदपत्रं काहीच नाहीत. आमची मुलं कॉलमची नावं बघून नाती जुळवत बसलीत: 'सभासद_क्र' दोन्हीकडे आहे, म्हणजे नातं आहे! मला हे अजिबात पटत नाही. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांमध्ये मांडायची पद्धत) मांडलं तेव्हाच फॉरेन की, म्हणजे एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे हे बंधन, त्यात होती. ती जाहीर करायची गोष्ट आहे, अंदाजाने ओळखायची नाही. कॅटलॉग, म्हणजे डेटाबेसने स्वतःच्या रचनेची ठेवलेली नोंद, बघा: इन्फर्मेशन_स्कीमातलं की_कॉलम_युसेज उघडा, रेफरन्स्ड_टेबल_नेम भरलेल्या ओळी घ्या. आमच्याकडे ११ निघाल्या. मी तेवढ्याच धरणार.

काटापावती: सर, इथे तुमचं चुकतंय. आधी टेबलांचं इंजिन बघा, म्हणजे मायएस्क्यूएलचा डेटा साठवणारा भाग; तो मायआयसॅम किंवा इनोडीबी असू शकतो. मायआयसॅम फॉरेन कीचं वाक्य मुकाट्याने वाचतं, एरर देत नाही आणि सोडून देतं. लिहिणाऱ्याने नातं बांधलं होतं, कॅटलॉगमध्ये ते पोचलंच नाही. फॉरेन की पाळणारं इनोडीबी मायएस्क्यूएल ५.५ पासून डीफॉल्ट झालं, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. डेटालाच विचारा: वजनपावतीतला प्रत्येक क्रमांक सभासद टेबलात आहे का, नॉट एक्झिस्ट्स (तिथे नसलेल्या ओळी शोधणारी अट) लावून मोजा. एकही सुटला नाही तर नातं पक्कं.

डीबीए_कोल्हापूर: पक्कं कसं? सभासद क्रमांक १ पासून सलग हजारोंपर्यंत असतील, तर गट क्रमांक, वाहन प्रकार, हंगाम क्रमांक, कुठलाही लहान आकडा तिथे सापडणारच. पूर्ण जुळूनही नातं शून्य. उलट खऱ्या नात्यातच ओळी सुटतात, कारण मयत सभासदाची नोंद कुणीतरी डिलीट केलेली असते. मी रिपोर्टांच्या क्वेऱ्या आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्राम) वाचतो. ऊसबिल ज्या जॉइनवर (दोन टेबलं जोडणाऱ्या अटीवर) वर्षानुवर्षं निघतंय, तो जॉइन मी आधी धरतो. आणि वजनकाट्यावरच्या कारकुनाला विचारतो. त्याला पावतीवरचा प्रत्येक आकडा कुठून येतो ते माहीत असतं.

जुनी_वही: इंजिन तपासलं. बहुतेक टेबलं मायआयसॅमच आहेत, तेव्हा ११ वर थांबणं चूक होतं, मान्य. पण सापडलेलं नातं आकृतीत ठेवून भागणार नाही, की लावलीच पाहिजे. ज्या पावतीचा सभासद सापडत नाही, त्या पावतीमागे कुणाचा तरी ऊस आहे.

काटापावती: लावा, पण फॉरेन_की_चेक्स ० करून, म्हणजे तपासणी बंद करून, लावू नका. पुन्हा १ केलं तरी आधीच्या ओळी तपासल्या जात नाहीत. की लागलेली दिसेल आणि सुटलेल्या पावत्या आतच राहतील.

डीबीए_कोल्हापूर: यावर आपलं एकमत. त्या पावत्या आधी वेगळ्या टेबलात काढा, यादी शेती विभागाकडे द्या. कुणाची पावती ते त्यांनी सांगितलं की मगच फॉरेन की लावायची.